उद्यानाकाठची एक वास्तू : शैली आणि स्थान

जुन्या शैलीत नवे लिहिणाऱ्या लेखकाचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न मराठी टीकेस नवा नाही. मोरोपंतांच्या मागून कितीतरी वर्षे आर्या रचल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेक आज कोणी वाचीत नाही. उलट मर्ढेकरांनी अभंग-ओवीचा जुना साचा हाती घेतला आणि त्यात यंत्रयुगातील शहराचे जग ओतले. तेव्हा त्याच साच्याला नवा अर्थ आला. साचा जुना असणे हा स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे, एवढे आपण वर्गात सांगतो आणि पुढच्या कवितेकडे वळतो. परंतु गुण-दोष मग कशावरून ठरवावयाचे, हे सांगावयाचे राहूनच जाते. ते सांगण्याचा एक प्रयत्न प्रस्तुत लेखात एका इमारतीच्या आधारे करावयाचा आहे. कवितेऐवजी इमारत घेण्याचे कारण इतकेच की, कविता मिटून ठेवता येते; इमारत मिटता येत नाही. ती ज्यांना नको असते त्यांनाही रोज वाचावी लागते.

ही इमारत न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानाच्या पश्चिम कडेस आहे. तिला स्वतंत्र नाव नाही. 'पंधरा, सेंट्रल पार्क वेस्ट' हा पत्ता हेच तिचे नाव. एकसष्टावा व बासष्टावा रस्ता यांच्यामधला, उद्यानापासून ब्रॉडवेपर्यंतचा सबंध ठोकळा तिने व्यापला आहे. तेथील मेफ्लॉवर नावाचे जुने हॉटेल पाडण्यात आले. केवळ ती जमीन २००४ साली सुमारे ४० कोटी डॉलरांना विकत घेतली गेली, आणि २००८ च्या सुमारास इमारत पुरी झाली. सुमारे दोनशे सदनिकांची ही वास्तू दोन भागांत उभी आहे : उद्यानाच्या अंगास १९ मजल्यांचे 'घर' आणि त्याच्या पाठीमागे, ब्रॉडवेच्या बाजूस, ३५ मजल्यांचा मनोरा. बाहेरून सर्वांगास इंडियाना प्रांतातील चुनखडीचा दगड लावलेला आहे. एम्पायर स्टेट इमारतीचा दगडही त्याच प्रांतातला. वास्तुकार रॉबर्ट स्टर्न.

तिच्यासमोरचे उद्यान समजल्यावाचून इमारतीस न्याय देता येणार नाही. सेंट्रल पार्कचे क्षेत्र ८४३ एकर. लांबी सुमारे अडीच मैल, रुंदी अर्धा मैल. १८५८ साली त्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेण्यात आली, आणि आलेल्या ३३ आराखड्यांतून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा पसंत झाला. त्या काळी सभोवती शहर जवळजवळ नव्हतेच. तरीही या दोघांनी ते येणार हे गृहीत धरले, कडेने दाट झाडी योजिली आणि आडवी वाहतूक जाणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले, जेणेकरून आत शिरलेल्या माणसास शहराचा विसर पडावा. ज्या शहरापासून सुटका हवी, ते शहर झाडांच्या वर डोके काढील, इतकी उंची मात्र त्या काळी मानवी घरांस ठाऊक नव्हती. आमच्याकडे विद्यार्थी 'उद्यानातील एक तास' या विषयावर निबंध लिहितात, तेव्हा फुले, पाखरे, कारंजे व एखादे म्हातारे आजोबा यांची वर्णने येतात. उद्यानाची कड मात्र कोणीच पाहात नाही. वस्तुतः उद्यानाला उद्यानपण येते ते कडेमुळे. चित्रास चौकट असते, तशी ती आहे, आणि चौकट कोणी घडवावी हा प्रश्न चित्राइतकाच महत्त्वाचा आहे.

पश्चिमेची ही चौकट कशी घडत गेली, तो एक लहानसा वाङ्मयेतिहासच आहे. आरंभी, १८८० ते १८८४ या काळात, 'डकोटा' उभी राहिली. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीतील एडवर्ड क्लार्क यांनी ती बांधविली (पुरी झालेली पाहावयास ते जगले नाहीत), आणि हेन्री हार्डनबर्ग यांनी तिची रचना केली. उतरती छपरे, गच्च्या, मधे चौक आणि एकच कमानदार दरवाजा. भाड्याच्या घरात सभ्य माणसाने राहावे ही कल्पनाच तेथील श्रीमंतांना तोवर रुचत नव्हती. डकोटाने ती रुचविली. जॅक फिनी यांच्या १९७० च्या एका कादंबरीचा नायक याच इमारतीतून पायी बाहेर पडतो तो १८८२ सालात. जुनी वास्तू हे काळातून प्रवास करण्याचे वाहन होऊ शकते, हा कादंबरीकाराचा तर्क पुढे आपणांस उपयोगी पडेल. डकोटानंतर १९२९ ते १९३१ या दोन-तीन वर्षांत बेरेस्फर्ड, सॅन रेमो, एल्डोराडो, मॅजेस्टिक व सेंचुरी या इमारती उभ्या राहिल्या. सॅन रेमोचे वास्तुकार एमरी रॉथ यांनी आपल्या जुळ्या मनोऱ्यांच्या माथ्यांवर अथेन्समधील एका प्राचीन स्मारकाच्या धर्तीची छोटी गोल मंदिरे बसविली. आज ज्यांना आपण 'मूळ' म्हणतो, त्याच इमारती जन्मतः अनुकृती होत्या, हे येथे ध्यानी घ्यावे. परंपरा म्हणून आपण ज्याचा आदर करतो, त्याच्या पोटात बरीचशी उसनवारी पचलेली असते.

आता स्टर्न यांच्याकडे वळू. हे गृहस्थ केवळ वास्तुकार नव्हते. येल विद्यापीठाच्या वास्तुविद्याशाखेचे ते १९९८ ते २०१६ पर्यंत प्रमुख होते, आणि न्यूयॉर्कच्या वास्तुकलेचा इतिहास त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक जाडजूड खंडांत लिहिला. म्हणजे वाङ्मयेतिहासकाराने उतारवयात स्वतः काव्य रचावयास घ्यावे, तसा हा प्रकार. अशा काव्याविषयी आपण सावध असतो, आणि ते रास्तही आहे. अभ्यासकाची कविता बहुधा निर्दोष असते व निर्जीव असते. शिवाय काळ प्रतिकूल होता. त्या वर्षांत न्यूयॉर्कमधील महागड्या सदनिकांची फॅशन काचेची होती. हाकेच्या अंतरावर कोलंबस सर्कलपाशी टाइम वॉर्नर सेंटरचे काचेचे जुळे मनोरे नुकतेच उभे राहिले होते. अशा वेळी दगड, उभ्या खिडक्या व पायरीपायरीने मागे सरणारे माथे हा १९३० सालचा शब्दसंग्रह वापरणे म्हणजे मुक्तछंदाच्या ऐन भरात पृथ्वी वृत्तात लिहिण्यासारखे होते.

माझ्या मते ही रचना निर्जीव नाही, आणि का नाही हे मर्ढेकरांच्याच परिभाषेत सांगता येते. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध व समतोल अशा तीन लयतत्त्वांचा विचार मांडला, तो सभासदांस परिचित आहे. या इमारतीचा उद्यानाकडील भाग शेजाऱ्यांशी संवाद साधतो : त्याची उंची जुन्या रांगेशी जुळती आहे, दगडाचा रंग जुळता आहे, आणि उद्यानातून पाहणाऱ्याच्या नजरेत ती रांग तुटत नाही. मागचा मनोरा या संवादाला विरोध करतो. तो उंच आहे, आणि त्याचे शिखर मुद्दाम असमान, एका अंगास झुकते ठेवलेले आहे. समतोल येतो तो या दोहोंमधल्या मोकळ्या जागेमुळे. पुढे घर, मधे चौक, मागे मनोरा. दोन चौकी वाड्यात वाढलेल्या माणसास ही मांडणी चटकन कळेल. दर्शनी सोपा रस्त्याशी बोलतो. वाड्याचा खरा पसारा मागे असतो आणि तो रस्त्यावर लादला जात नाही. कमी प्रतीच्या वास्तुकाराने सगळी उंची उद्यानाच्या काठावर आणून उभी केली असती, कारण उंची तेथेच अधिक दराने विकते. येथे पुढचा भाग ठेंगणा ठेवून मनोरा मागे नेला, आणि मागच्या सदनिकांनाही घराच्या माथ्यावरून उद्यान दिसेल अशी योजना केली. व्यवहार आणि विनय यांची इतकी चतुर सांगड क्वचित पाहावयास मिळते.

दोष आहेत. खिडक्यांच्या रांगा एका मर्यादेपलीकडे केवळ मोजल्या जातात, पाहिल्या जात नाहीत. सॅन रेमोच्या दर्शनी भागावर जे लहानसहान अलंकार नजरेस विसावा देतात, ते येथे फारच काटकसरीने आले आहेत. ब्रॉडवेकडील दुकानांचा तळभाग तर कोणत्याही व्यापारी रस्त्यावर खपला असता. आणि चौकाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाड्याच्या चौकात पाऊस पडतो, धान्य वाळते, मुले खेळतात. तो घराचा श्वास असतो. येथील चौक मोटारींसाठी आहे. मालकाची गाडी रस्ता सोडून आत येते, आणि पादचाऱ्याच्या नजरेस न पडता तो घरात शिरतो. ज्या इमारतीने शहराशी एवढ्या आदबीने बोलावे, तिच्या रहिवाशांनी शहराशी बोलण्याचा प्रसंगच टाळावा, ही विसंगती रचनेतच आहे. आत ७५ फूट लांबीचा पोहण्याचा तलाव आहे, केवळ रहिवाशांसाठी उपाहारगृह आहे, मद्याची तळघरे आहेत.

येथवर रूपाची चर्चा झाली. येथे एखादा सभासद विचारील, की या चर्चेत पैशाचा शब्द का नाही? प्रश्न रास्त आहे. फडके-खांडेकर वादात आपण 'कलेसाठी कला' व 'जीवनासाठी कला' अशा दोन बाकांवर बसावयास शिकलो, आणि अजून पुष्कळदा तेथून उठत नाही. पहिल्या बाकावरील टीकाकार या इमारतीच्या प्रमाणबद्धतेची वाखाणणी करून थांबेल. दुसऱ्या बाकावरील तिच्या किमती वाचून दाखवील, आणि त्या खरोखर वाचून दाखवाव्यात अशाच आहेत. सर्व सदनिकांची मिळून विक्री सुमारे दोनशे कोटी डॉलरांची झाली. माथ्यावरील एक सदनिका आरंभी सुमारे ४ कोटी ३७ लक्ष डॉलरांना गेली होती. ती चार-पाच वर्षांतच, २०१२ साली, ८ कोटी ८० लक्षांना विकली गेली. एवढ्या अवधीत दगड दुप्पट सुंदर झाला नव्हता.

या किमतीचा मोठा भाग कशाचा, हे उघड आहे. तो खिडकीतून दिसणाऱ्या ८४३ एकरांचा आहे, आणि ते एकर इमारतीच्या मालकीचे नाहीत. सार्वजनिक वस्तू खासगी खतात अशी मोजली जाते. परंतु हे पाप आजचे, असे म्हणणाऱ्याने थोडे मागे जावे. उद्यानामुळे लगतच्या जमिनींची किंमत वाढेल, कर वाढतील व खर्च भरून निघेल, हा युक्तिवाद उद्यानाच्या कर्त्यांनी स्वतःच आरंभापासून केला होता. शिवाय ती जमीन रिकामी नव्हती : सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांची, स्वतःच्या मालकीची घरे व देवळे असलेली वस्ती १८५७ साली तेथून उठविण्यात आली. त्याच कडेवर, थोडे उत्तरेस, ती होती. आणि आज उद्यानाची निगा पाहणाऱ्या, १९८० साली स्थापन झालेल्या कॉन्झर्व्हन्सी या संस्थेचा पैसाही बव्हंशी खासगी देणग्यांतून येतो. २०१२ साली एकाच दात्याने तिला १० कोटी डॉलर दिले. उद्यान गरिबांचे आणि इमारत श्रीमंतांची, इतकी सोपी विभागणी येथे चालत नाही. (आमच्या वडोदऱ्याची सयाजीबाग राजाच्या आज्ञेने झाली, त्यामुळे देणारा कोण व घेणारा कोण हे निदान स्पष्ट होते.)

मालकीच्या प्रकाराचाही विचार करावयास हवा, कारण तो शैलीइतकाच बोलका आहे. डकोटा १९६१ साली सहकारी संस्था झाली. तेथे सदनिका विकत घेता येत नाही. संस्थेचे भाग घ्यावे लागतात आणि मंडळापुढे उभे राहावे लागते, आणि मंडळ पुष्कळदा नाही म्हणते. पंधरा क्रमांकाची इमारत 'कॉन्डोमिनियम' पद्धतीची आहे : प्रत्येकाचे स्वतंत्र खत, मंडळाच्या हाती नकाराचा अधिकार नाही, फार तर तीच किंमत देऊन सदनिका आपण घेण्याचा हक्क. 'सोसायटी' आणि 'अपार्टमेंट' यांतला भेद महाराष्ट्रात १९७० च्या मालकी-कायद्यानंतर घर घेतलेल्या वाचकांस निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये या भेदाचा परिणाम असा की, सदनिका एखाद्या कंपनीच्या नावे घेता येते आणि खरा मालक कोण हे पाटीवर येत नाही. जुन्या संस्थांची मंडळे संकुचित होती, पुष्कळदा अन्यायीही होती, पण त्यांना आपला शेजारी कोण याचे कुतूहल होते. नव्या पद्धतीने तो अन्याय काढला आणि कुतूहलही काढले. म्हणूनच बाहेरून १९३० सालाचा चेहरा धारण केलेली ही इमारत आतून पक्की एकविसाव्या शतकातली आहे. फिनींच्या नायकाप्रमाणे येथून कोणी गतकाळात चालत जाऊ शकणार नाही.

तरीही या इमारतीच्या बाजूने मी का बोलतो, हे तिच्या धाकट्या भावंडाशी तुलना केल्यावाचून कळणार नाही. स्टर्न यांनीच पुढे उद्यानाच्या दक्षिण कडेस '२२०, सेंट्रल पार्क साउथ' ही इमारत रचली. चुनखडीचाच दगड, त्याच उभ्या खिडक्या, पुढे १८ मजल्यांचे घर आणि मागे मनोरा, ही मांडणीही तीच. मात्र मनोरा सुमारे ९५० फूट उंच आहे. २०१९ साली तेथील एक सदनिका सुमारे २३ कोटी ८० लक्ष डॉलरांना विकली गेली. अमेरिकेत एका घराला तोवर इतकी किंमत आलेली नव्हती. शैलीच्या कसोटीवर या दोन इमारतींत फारसा फरक करता येत नाही. फरक आहे तो स्थानाचा. न्यूयॉर्कचे अक्षांश सुमारे ४०.७ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून २६ अंशांहून वर चढत नाही. दहावीच्या विद्यार्थ्यासही यावरून सांगता येईल की, उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुपटीहून अंमळ अधिक पडते. साडेनऊशे फुटी मनोऱ्याची सावली म्हणजे एकोणीसशे फुटांच्या वर. दक्षिणेच्या इमारतींची सावली उत्तरेस जाते, आणि उत्तरेस उद्यान आहे. सूर्य पश्चिमेकडे कलू लागला की ती सावली उद्यानाच्या दक्षिण भागावरून हळूहळू पूर्वेकडे सरकते. हिवाळ्यात ज्या तासांत माणसे उन्हासाठी बाहेर पडतात, नेमक्या त्या तासांत.

पश्चिम कडेवरील इमारतींची सावली उद्यानावर पडत नाही असे नाही. दिवस उतरला की डकोटाची पडते, सॅन रेमोची पडते, पंधरा क्रमांकाचीही पडते. पण तो दिवसाचा शेवट असतो.

दक्षिणेस २२० ही एकटीही नाही. सत्तावन्नाव्या रस्त्यावर २०१४ पासून एकामागून एक सुळके उठले : १००५ फुटांचा 'वन फिफ्टी-सेव्हन', १४२८ फुटांचा आणि विलक्षण सडपातळ '१११ वेस्ट', आणि १५५० फुटांचा 'सेंट्रल पार्क टॉवर'. १९६१ च्या नियमावलीनुसार शेजाऱ्याचे न वापरलेले चटईक्षेत्र विकत घेऊन आपल्या माथ्यावर रचता येते. 'टीडीआर' हा शब्द आपल्याकडे आता भाजीवाल्यासही ठाऊक आहे, तेव्हा अधिक लिहीत नाही. सेंट्रल पार्क टॉवरने आपल्या शेजारच्या चित्रकला-संस्थेकडून असे आकाश विकत घेतले, आणि त्याचा एक भाग त्या संस्थेच्या बुटक्या, १८९२ च्या इमारतीवर अधांतरी पुढे आलेला आहे. ती बुटकी इमारत डकोटाच्याच हार्डनबर्ग यांनी रचलेली.

या सावल्यांविरुद्ध लोक बोलले नाहीत असे नाही. १९८७ साली कोलंबस सर्कलपाशी एक प्रचंड इमारत योजिली गेली, तेव्हा शेकडो नागरिक उद्यानात काळ्या छत्र्या उघडून रांगेने उभे राहिले, आणि सावली किती लांब पडेल हे त्यांनी स्वतःच्या अंगाने दाखविले. जॅकलिन ओनासिसही त्यांत होत्या. ती योजना मागे पडली, आणि त्या जागी पुढे जे उभे राहिले ते तिच्याहून ठेंगणे होते. पुढे २०१३ साली म्युनिसिपल आर्ट सोसायटीने नव्या सुळक्यांच्या सावल्यांचा अहवाल काढला. त्यातले सुळके बहुतेक उभे राहिले. छत्र्यांची ती रांग मला या विषयावरील सर्वोत्तम टीका वाटते. तिच्यात शैलीविषयी एक अक्षर नव्हते.

स्टर्न यांच्या दोन इमारतींचा निवाडा करताना रूपवादी टीकाकार दोहोंस सारखेच गुण देईल, आणि जीवनवादी दोहोंस सारखेच नापास करील. दोघेही वाचन पुरे करीत नाहीत. एकच शब्द दोन वाक्यांत दोन अर्थ देतो, हे व्याकरणाच्या पहिल्या धड्यात आपण शिकवितो. एकाच शैलीचे दोन स्थानी दोन अर्थ होतात, हे टीकेच्या पहिल्या धड्यात यावयास हवे. पंधरा क्रमांकाच्या इमारतीत ठेंगणे घर पुढे ठेवण्याचा विनय अर्थपूर्ण आहे, कारण मागचा मनोराही शेजाऱ्यांशी बोलता येईल अशा उंचीवर थांबतो, आणि ज्या कडेवर तो उभा आहे ती कड त्याला सोसवते. २२० मध्ये तोच विनय शब्दशः उतरला आहे. दर्शनी घर नम्रपणे वाकून उभे आहे, आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला मनोरा समोरच्याचे ऊन काढून घेतो. आर्या निर्दोष आहे, मात्रा नेमक्या आहेत, यतीही जागच्या जागी आहे. कोणापुढे व कशासाठी म्हटली जात आहे, तेवढे मात्र कवीने पाहिले नाही.

आणखी एका मुद्द्याचा निर्देश करून थांबतो. पंधरा क्रमांकाच्या यशानंतर चुनखडीची फॅशन न्यूयॉर्कमध्ये पसरली, आणि उद्यानापासून कितीतरी दूर, जेथे संवाद साधावयास कोणी जुना शेजारीच नाही अशा रस्त्यांवरही ती दिसू लागली. त्या इमारतींची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागेल. ती करताना प्रथम नकाशा मांडावा, उत्तर दिशा कोणती ते पाहावे, आणि मग दर्शनी भागाचे छायाचित्र हाती घ्यावे.